फोर्सिथियाची पिवळी रांग विदर्भात फुलेल का?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या मार्च-एप्रिलमध्ये न्यू जर्सीला होत्या. तिथे घरोघरी कुंपणाला लागून एक झुडूप पाहिलं. अंगावर एकही पान नाही आणि काड्या नुसत्या पिवळ्या फुलांनी भरलेल्या. नाव कळलं फोर्सिथिया. पुढच्या खेपेला जावई बॅगेतून काड्या आणतो म्हणाले आहेत. घरापुढे काळी जमीन, मागे मुरमाड बरड, आणि विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते. कुंपणाला ही झुडपं लावता येतील का, आणि लेकीच्या अंगणातलं झुडूप फक्त बुडाशीच का फुलतं, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टच देतो. फोर्सिथिया तुमच्याकडे पाला धरेल, पण तुम्ही पाहिलं तसं फुलणार नाही. मे महिन्यातल्या उन्हात ते टिकेलच, असंही मी म्हणणार नाही. हे झुडूप मी हिमाचलच्या रोपवाटिकांमध्ये हाताळलं आहे आणि आता बरीच वर्षं वर्धा जिल्ह्यात रोपं करतो, म्हणून दोन्हीकडचं बघून सांगतो आहे. तुम्हाला जे आवडलं ते म्हणजे बिनपानाच्या काडीवर आलेला पिवळा बहर, आणि तो आपल्या मातीत नक्की मिळतो. फक्त झाड दुसरं लागतं.

फोर्सिथिया फुलतं कसं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. वसंतात दिसणारं फूल त्या वसंतात तयार झालेलं नसतं. बहर ओसरला की झुडूप नवी फूट काढतं आणि त्या फुटीवर उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे धरतं. शरद ऋतूत पानं गळतात आणि डोळे निजतात. हे निजणं साध्या उबेने मोडत नाही. ० ते ७ अंशांच्या आसपासची थंडी काही आठवडे मिळाली की मगच डोळा उघडायला तयार होतो आणि पुढे ऊब वाढली की फुलतो. पान त्याच्यामागून येतं. थंडी पुरली नाही तर बहर एकदम येत नाही. इकडे दोन फुलं, तिकडे चार, आणि त्यात पालाही फुटू लागतो.

तुमच्याकडे संत्र्याची बाग नसली तरी वरुड-मोर्शी-काटोलकडचा ताण तुम्हाला ठाऊक असेल. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात, झाड मलूल होतं, मग पाणी सोडलं की फूल निघतं. मृगाच्या बहाराला मे महिन्यातला ताण आणि जूनचा पाऊस हेच काम करतात. ताण मिळाला नाही तर संत्रा नुसता पाल्यावर जातो. फोर्सिथियाचा ताण हा असा थंडीचा असतो, एवढाच फरक.

आता आपली थंडी बघा. नागपुरात डिसेंबर-जानेवारीतलं रात्रीचं सरासरी तापमान १२-१३ अंशांच्या घरात असतं आणि दुपारी पारा २८ पर्यंत चढतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपुरात तो ३.५ अंशांवर उतरला होता, पण अशा रात्री मोजक्याच. दुपारच्या उन्हात रात्रीची थंडी बरीचशी वाया जाते. त्यातून मे महिन्यात दुपारचं सरासरी तापमान ४२-४३ अंश, आणि लाट आली की त्याच्याही वर. फोर्सिथियाची मुळं वरच्या थरात पसरतात, तो थर आपल्याकडे उन्हाळ्यात भाजून निघतो. जमिनीचा दोष नाही बरं का. हे झुडूप चुनखडीची जमीनही चालवून घेतं, निचरा असला की झालं. आपण त्याला दोन गोष्टी देऊ शकत नाही. एक म्हणजे सलग थंडी आणि दुसरी म्हणजे सौम्य उन्हाळा.

आपल्या देशात फोर्सिथिया पाहायचंच असेल तर मार्चमध्ये काश्मीरच्या बागांत पाहा. विदर्भात कोणाला हौसेने प्रयोग करायचाच झाला तर मी चिखलदऱ्याचं नाव घेईन. तिथली उंची ११०० मीटरच्या आसपास आहे, आणि कॉफी होते म्हणजे उन्हाळाही त्यातल्या त्यात मवाळ. पण तिथेही भरगच्च बहराची आशा धरून पैसे घालू नका. दारव्ह्याला तर नकोच.

काड्या बॅगेतून आणू नका, हे मात्र जावयांना आजच कळवा. केंद्र सरकारच्या २००३ च्या प्लांट क्वारंटाईन आदेशानुसार परदेशातून लागवडीची काडी, रोप किंवा बी आणायचं तर आधी आयात परवाना लागतो आणि त्या देशाचं रोगकीडमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर अडकण्यापेक्षाही मला काळजी वेगळी आहे. कपाशीवरच्या ज्या पिठ्या ढेकणाने आपल्या लोकांना जेरीस आणलं तो मूळचा अमेरिकेचा. वावराच्या धुऱ्यावर माजलेलं गाजरगवतही तिकडूनच आलेलं, १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. एका काडीच्या सालीखाली काय दडलं आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ज्या झाडाला इथे फुलायचंच नाही त्याच्यासाठी गावाला असा धोका घालू नये.

आता लेकीच्या अंगणातलं झुडूप. बुडाशीच फुलण्याची दोन कारणं असतात. फार थंड मुलखात हिवाळ्यात पारा खूप खाली गेला की वरच्या काड्यांवरचे फुलांचे डोळे गारठून मरतात. बुडाशी साचलेल्या बर्फाखाली जे झाकलेले असतात तेवढेच वाचतात. मग झुडूप बर्फाच्या रेघेपर्यंत पिवळं आणि वर काळं दिसतं. पण न्यू जर्सीचा हिवाळा सहसा इतका कडक नसतो. तिथे बहुधा दुसरं कारण असेल, चुकीच्या वेळची छाटणी. कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यंत्राने वरून चौकोनी कापतात. उन्हाळ्यात धरलेले सगळे डोळे तेव्हा कापल्या शेंड्यांबरोबर कचऱ्यात जातात. यंत्र जिथे पोहोचलं नाही, म्हणजे बुडाशी, तिथेच फुलं राहतात.

लेकीला सांगा, छाटणी करायची ती फूल गळाल्या गळाल्या, एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला. वरून सपाट कापायचं नाही. सगळ्यांत जुन्या, जाड, करड्या पडलेल्या काड्या निवडायच्या आणि त्यातल्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा थेट जमिनीलगत काढायच्या. बुडातून नवी फूट जोमाने येते आणि तीन-चार वर्षांत सगळं झुडूप तरुण होतं. फारच वाळलेलं, गुंतलेलं झुडूप असेल तर सगळंच बुडापासून कापलं तरी ते पुन्हा उठतं, एखाद-दुसऱ्या वर्षीच्या बहराला मुकावं लागतं इतकंच. दिवसाला निदान सहा तास ऊन हवं. सावलीत पाला येतो, फूल येत नाही. जागा मोकळी ठेवायला सांगा, कारण नेहमीची जात आठ-दहा फूट उंच आणि तेवढीच रुंद होते. दोन फुटांच्या पट्टीत लावलेलं झुडूप दर वर्षी कापावं लागतं आणि दर वर्षी फुलाविना राहतं.

एक आनंदाची गोष्टही तिला कळवा. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, थंडी पुरेशी खाऊन झालेल्या काही काड्या कापून घरात पाण्यात ठेवल्या, पाणी दोन दिवसांनी बदललं, की एक ते तीन आठवड्यांत त्या घरातच फुलतात. आणि रोपं वाढवायची तर विकत घ्यायची गरज नाही. लवलेली काडी मातीला टेकवून वर दगड ठेवला की ती मुळं धरते. आपण मोगऱ्याची दाब कलमं करतो तसंच. मोगरा, जाई, कुंदा आणि फोर्सिथिया ही एकाच कुळातली झाडं आहेत. त्याच कुळातल्या पारिजातकासारखी या फुलाला गंधाची देणगी मात्र नाही.

जाता जाता नावाचंही सांगतो. विल्यम फोर्सिथ हा स्कॉटलंडचा माळी, इंग्लंडच्या राजाच्या बागांचा प्रमुख. लंडनची बागायत संस्था १८०४ मध्ये सुरू झाली त्या संस्थापकांपैकी तो एक, आणि त्याच वर्षी वारला. झुडूप मात्र मूळचं चीनकडचं. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती-शोधकाने १८४४ मध्ये त्याची एक जात चीनमधून इंग्लंडला पाठवली. ती आणि लवणाऱ्या काड्यांची दुसरी चिनी जात यांचा आपोआप झालेला संकर जर्मनीत गटिंगेनच्या वनस्पती उद्यानात १८७८ मध्ये लक्षात आला. आज अमेरिकेत कुंपणाला दिसतात ती बहुतेक या संकराची पिल्लं. फुलाला चार पाकळ्या मोजता आल्या तर फोर्सिथिया. तसंच पिवळं आणि बिनपानाचं, पण बहुधा सहा पाकळ्यांचं दिसलं तर ती हिवाळी जाई. इंटरनेटवर दोन्हींचे फोटो एकाच नावाने फिरतात, आणि पिवळ्या फुलांचा फोटो लावून फोर्सिथियाचं बी विकणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

आता तुमच्या जागेचं बोलू. विदर्भात काडी उघडी पडते ती पाण्याच्या ताणाने. फेब्रुवारीपासून जमीन सुकते, झाड पानं टाकतं आणि पान नसतानाच फुलून घेतं. पळस, काटेसावर, पांगारा सगळे याच वाटेने जातात. यात पिवळ्या रंगाचा मानकरी म्हणजे सोनसावर. तिलाच गणेर म्हणतात. मेळघाटात आणि यवतमाळकडच्या डोंगरउतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये बसमधून जाताना दगडांत उभं, एकही पान नसलेलं आणि तळहाताएवढ्या झळझळीत पिवळ्या फुलांचं झाड तुम्ही नक्की पाहिलं असणार. तुमच्या मागच्या बरडाला याच्यासारखं दुसरं झाड नाही. जिथे दुसरं काही जगत नाही तिथे हे खुशाल उभं राहतं, आणि विहीर आटते तेव्हाच त्याला पाणी नको असतं.

सोनसावरीच्या शेंगा, खरं तर बोंडं, उन्हाळ्याच्या शेवटी तडकतात. आत रेशमासारखा कापूस आणि वाटाण्याहून लहान, वाकडं, काळपट बी. जंगलातून, विशेषतः राखीव क्षेत्रातून ते आणू नका. गावाच्या पांदणीला, देवळामागे एखादं झाड असतंच, नाहीतर वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा. बियाची साल कठीण असते. पाणी उकळून खाली उतरवा, वाफ जरा ओसरली की त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी फुगलेलं बी लगेच पिशवीत पेरा. पिशवीत अर्धा मुरूम, पाव माती, पाव कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती भरली तर मूळ सडतं. काडीनेही हे झाड लागतं. उन्हाळ्यात अंगठ्यापेक्षा जाड फांदी कापून चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवायची आणि पावसाच्या तोंडावर मुरमात रोवायची. फांदीचं झाड बियाच्या झाडापेक्षा लवकर फुलावर येतं. बियाच्या झाडाला काही वर्षं धीर धरावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

खड्डा दोन फुटांचा पुरे, दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर. झाड वीस-पंचवीस फूट होतं, त्यामुळे वीजतारेखाली लावू नका. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यावर दिवाळीपासून जानेवारीपर्यंत पंधरवड्याला एक कळशी द्या आणि मग हात आखडता घ्या. मोठ्या झाडाला काहीच देऊ नका. अंगणातल्या सोनसावरीला हौसेने ठिबक जोडणारे लोक मी पाहिले आहेत. झाड हिरवंगार राहतं आणि फूल तुटक-तुटक येतं. फूल हवं असेल तर पाणी तोडण्याची हिंमत ठेवावी लागते. फुललेल्या झाडावर सकाळी परागासाठी मधमाश्यांची झुंबड उडते, म्हणून कपाशीची औषधं फवारताना ते पंप या झाडाखाली भरू नका, धुऊही नका.

पण सोनसावर हे झाड आहे, झुडपाची रांग नव्हे. तुम्हाला कुंपणाला लागून दाट पिवळी भिंत हवी आहे, तर तिथे टेकोमा लावा. पिवळ्या घंटीसारखी फुलं, तहसिलीच्या आणि शाळांच्या आवारात तुम्ही पाहिली असतील. तीही अमेरिकेकडचीच, पण उष्ण भागातली, त्यामुळे आपल्या उन्हाला सरावलेली. बी कागदासारखं पातळ, पंखाचं. पावसाळ्यात वाफ्यावर पेरून वर चिमूटभर माती घातली की सहज उगवतं, आणि लावल्यावर वर्ष-दोन वर्षांत फुलतं. कुंपणासाठी तीन-चार फुटांवर एक रोप. समोरच्या काळ्या जमिनीत लावायचं तर एक फूट उंच वरंबा करून त्यावर लावा, जुलै-ऑगस्टमध्ये बुडाशी पाणी थांबता कामा नये.

टेकोमाची छाटणी फोर्सिथियाच्या बरोब्बर उलट आहे, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. टेकोमा नव्या फुटीवर फुलतो. म्हणून होळीच्या आधी, फेब्रुवारीत, त्याला गुडघ्याएवढा कापा. फूट येईल तशी फुलं येतील आणि पावसानंतर पुन्हा मोठा बहर येईल. मोगऱ्याचंही तसंच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी तोडायचं, जानेवारीत छाटायचं, मग खत-पाणी द्यायचं. कुठलंही नवं झुडूप दारात आलं की आधी एवढंच बघा, फूल जुन्या काडीवर येतंय की नव्या फुटीवर. जुन्या काडीवर येत असेल तर फूल गेल्यावर कापा, नव्या फुटीवर येत असेल तर फूट येण्याआधी. हे एवढं कळलं तर कोणत्याही पुस्तकातलं वेळापत्रक लागत नाही.

टेकोमाबद्दल एक अट घालतो. त्याच्या लांब शेंगा वाळून तडकण्याआधी काढून टाका. बी वाऱ्याने दूर जातं, आणि दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत हे झुडूप रानात घुसून त्रासदायक ठरलं आहे. तुमच्या कुंपणापलीकडे नाला किंवा जंगलाची हद्द असेल तर टेकोमा नकोच. त्या बाजूला सोनसावरीच्या मधल्या जागेत मेंदी भरा.

दारासमोर एक झाड हवं असेल तर बहावा लावा. तो एप्रिल-मेमध्ये, ऊन अगदी जीवघेणं असतं तेव्हा फुलतो आणि निचऱ्याच्या काळ्या जमिनीत चांगला येतो. बी टणक असतं, ते पॉलिश पेपरवर एका कडेला घासून रात्रभर भिजवा. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात, झाड त्यातून सावरतं. टॅबेबुया सध्या रोपवाटिकांत खूप विकला जातो, फुलतोही सुंदर, पण त्याच्या फांद्या वादळात मोडतात. आपल्या रानात सोनसावर असताना मी तो सुचवत नाही.

या वर्षीचं काम इतकंच ठेवा. मे-जूनमध्ये सोनसावरीचं बी मिळवा आणि पिशव्या भरून ठेवा, टेकोमाचं बी कुठल्याही ओळखीच्या आवारातून आणा. बरडावरचे खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू द्या. पिशवीतली रोपं पुढच्या जुलैत, दोन दमदार पाऊस झाल्यावर लावा. कुंपण आधी, रोपं नंतर, कारण मोकाट शेळ्यांपुढे पहिल्या वर्षीचं कुठलंच रोप टिकत नाही. आणि सोनसावरीचं रोप पहिल्या उन्हाळ्यात सगळी पानं टाकून वाळक्या काडीसारखं दिसेल. घरातलं कोणीतरी ते मेलं समजून उपटायला जाईल, त्यांना आधीच सांगून ठेवा. खाली त्याचं मूळ फुगून जाड झालेलं असतं. नखाने साल जरा खरवडा, आत हिरवट दिसली तर तसंच राहू द्या, पाणीही घालू नका. पावसाच्या सुरुवातीला ते शेंड्यातून किंवा बुडातून फुटतं. जुलै उलटूनही फूट आली नाही तरच तिथे दुसरं रोप लावा.